प्रतिजैविके आणि पोट : बाह्यरुग्णांमधील पचनसंस्थेचे दुष्परिणाम – इंदूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

घसा दुखतो, ताप येतो, दाढ ठणकते किंवा लघवीला जळजळ होते म्हणून माणूस दवाखान्यात जातो आणि चिठ्ठीवर तीन-चार औषधे लिहून घेऊन येतो. त्यांत बहुधा एखादे प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, असते. दोन-तीन दिवसांत मूळ दुखणे उतरणीला लागते, पण पोट बिघडते. मळमळ होते, पोटात मुरडा येतो, शौचाला पातळ होऊ लागते. इंदूरसारख्या खवय्यांच्या शहरात याचे खापर लगेच खाण्यावर फोडले जाते. सकाळचे पोहे-जिलेबी, छप्पन दुकानवरचा नाश्ता किंवा सराफ्यातले रात्रीचे खाणे यांपैकी काहीतरी 'बाधले' असे घरचे ठरवून टाकतात. चालू असलेल्या गोळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी आणली जाते आणि पुष्कळदा तीही दुसरे प्रतिजैविकच असते.

पहिल्या औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरे औषध सुरू करण्याची ही साखळी हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे. प्रतिजैविकांमुळे पोट का बिघडते, कोणत्या औषधाने अधिक बिघडते, ते कसे ओळखावे, काय करावे व काय टाळावे, याचे विवेचन येथे केले आहे. सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांसमोर आरोग्य सहायक, औषध दुकानातील मदतनीस, बालसंगोपन अशा अभ्यासक्रमांचे विद्यार्थी बसलेले असतात. हेच विद्यार्थी उद्या रुग्णाच्या सर्वांत जवळ असणार आहेत. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही, तो शिक्षकांचाही आहे.

बाह्यरुग्णाची विशेष अडचण

जो रुग्ण रुग्णालयात दाखल न होता तपासून घेऊन, औषध घेऊन घरी जातो त्यास बाह्यरुग्ण म्हणतात. दाखल झालेल्या रुग्णाच्या शौचाची, उलटीची व तापाची नोंद परिचारिका ठेवते. नवे लक्षण दिसले की डॉक्टर त्याच दिवशी औषधांचा तक्ता पाहू शकतात. बाह्यरुग्णाच्या बाबतीत असे कोणी नसते. त्याचे निरीक्षण त्यालाच किंवा घरच्यांना करावे लागते. शिवाय दुसऱ्या वेळी तो बहुधा दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो किंवा सरळ दुकानात जातो आणि तेथे पहिली चिठ्ठी दाखवत नाही. त्यामुळे दोन घटनांमधील कार्यकारणसंबंध तुटतो. दुष्परिणाम घडतो, पण त्याची नोंद 'जुलाब' या स्वतंत्र आजाराखाली होते.

दुष्परिणाम आणि अ‍ॅलर्जी यांतील फरकही येथेच स्पष्ट केला पाहिजे. पातळ शौच, मळमळ किंवा तोंडाची कडवट चव हे अ‍ॅलर्जीचे लक्षण नव्हे. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे ही अ‍ॅलर्जीची लक्षणे असून त्यांत औषध त्वरित बंद करून रुग्णालय गाठावे लागते. 'मला अमुक गोळी चालत नाही' असे रुग्ण म्हणतो तेव्हा नेमके काय झाले होते हे विचारणे आवश्यक असते. अन्यथा साध्या पोटदुखीमुळे एखादे स्वस्त व उपयुक्त औषध त्याच्यासाठी कायमचे बाद होते.

आतड्यातील उपयुक्त जीवाणू

माणसाच्या आतड्यात, विशेषतः मोठ्या आतड्यात, अब्जावधी जीवाणू निरोगी अवस्थेत कायम वास्तव्य करून असतात. त्यांची तीन कामे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, लहान आतड्यात न पचलेली पिष्टे व तंतुमय पदार्थ ते आंबवतात. त्यातून तयार होणारी लघुशृंखला मेदाम्ले मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि क्षार व पाणी शोषून घेण्यास मदत करतात. दुसरे, यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे ते रूपांतर करतात. तिसरे, जागा व अन्न व्यापून ठेवल्यामुळे ते रोगकारक जीवाणूंना पाय रोवू देत नाहीत.

प्रतिजैविकाला घशातील रोगजंतू आणि आतड्यातील उपयुक्त जीवाणू यांच्यातला भेद कळत नाही. पोटात घेतलेली गोळी आतड्यातूनच जाते आणि काही औषधे पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतात. जितके औषध अधिक प्रकारच्या जीवाणूंवर चालणारे, तितकी ही पडझड मोठी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात १२ निरोगी पुरुषांना ४ दिवस तीन प्रभावी प्रतिजैविके एकत्र देण्यात आली. त्यांच्या आतड्यातील जीवाणूंचे प्रमाण सुमारे दीड महिन्यात बहुतांशी पूर्ववत झाले, परंतु आधी सर्वांमध्ये असलेल्या ९ जाती १८० दिवसांनंतरही आढळल्या नाहीत. दवाखान्यात मिळणारी नेहमीची औषधे इतकी तीव्र नसतात. तरीही 'गोळी संपली, परिणाम संपला' हा समज बरोबर नाही, एवढे यावरून निश्चित होते.

पोट बिघडण्याची कारणमीमांसा

प्रतिजैविकामुळे पोट बिघडते ते एकाच मार्गाने नव्हे. मुख्य मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) औषधाचा थेट परिणाम : एरिथ्रोमायसिन हे औषध आतड्यात 'मोटिलिन' या नैसर्गिक संप्रेरकासारखे काम करून जठर व लहान आतड्याचे आकुंचन वाढवते. म्हणून पोटात कळा येतात. अ‍ॅझिथ्रोमायसिनने हा त्रास तुलनेने कमी होतो. अ‍ॅमॉक्सिसिलिनसोबत दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लही आतड्याची हालचाल वाढवते. अशा जुलाबात जंतूचा काहीच संबंध नसतो.

२) आंबवण्याची क्रिया मंदावणे : उपयुक्त जीवाणू घटल्यामुळे न पचलेली पिष्टे तशीच राहतात आणि पाणी ओढून घेतात. पित्ताम्लांचे रूपांतर नीट न झाल्यानेही शौच पातळ होते. हा जुलाब साधारणतः सौम्य असतो आणि औषध संपल्यावर आपोआप थांबतो.

३) संधिसाधू जंतूंची वाढ : रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जीवाणू वाढून विष तयार करतो आणि मोठ्या आतड्याला सूज आणतो. यात ताप, तीव्र पोटदुखी व वारंवार पातळ शौच होते. प्रसंगी हे जिवावर बेतते. कँडिडा या बुरशीची वाढ झाल्यास जिभेवर व गालाच्या आत पांढरे थर दिसतात.

४) अन्ननलिका व जठराला होणारी इजा : डॉक्सिसायक्लिनची गोळी किंवा कॅप्सूल घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण करते. छातीच्या मधोमध जळजळ व गिळताना वेदना होतात. मेट्रोनिडाझोलमुळे मळमळ होते आणि तोंडाला धातूसारखी चव येते.

५) यकृतावरील परिणाम : अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लामुळे क्वचित कावीळ होते, विशेषतः उतारवयात. ती औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. त्यामुळे भूक मंदावणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे या तक्रारींचा आधीच्या औषधाशी संबंध लावून पाहावा.

यांपैकी तिसऱ्या मार्गाचा शोध कसा लागला हे पाहणे उद्बोधक आहे. १९७४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे क्लिंडामायसिन घेतलेल्या २०० रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २१ टक्के रुग्णांना जुलाब झाले आणि १० टक्के रुग्णांच्या मोठ्या आतड्यात दुर्बिणीने पांढरट-पिवळे पापुद्रे दिसले. प्रारंभी हा त्या औषधाचाच विषारी परिणाम मानला गेला. १९७८ साली जॉन बार्टलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा खरा कर्ता हा विष निर्माण करणारा जीवाणू असल्याचे दाखवून दिले. औषधाने दार उघडले आणि जंतू आत शिरला, असे त्याचे सार सांगता येईल.

कोणत्या औषधाने किती त्रास?

याच बार्टलेट यांनी २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या विषयाचा आढावा घेतला. त्यातील प्रमाण असे : अँपिसिलिन घेणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्के, अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घेणाऱ्यांपैकी १० ते २५ टक्के आणि सेफिक्सिम घेणाऱ्यांपैकी १५ ते २० टक्के रुग्णांना जुलाब होतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे आणि इतर सेफॅलोस्पोरिन यांत हे प्रमाण २ ते ५ टक्के आहे. अशा एकूण जुलाबांपैकी १० ते २० टक्के प्रकरणांतच डिफिसिल जीवाणू जबाबदार असतो. म्हणजे दहांपैकी आठ-नऊ वेळा हा जुलाब कोणत्याही नव्या प्रतिजैविकाशिवाय बरा होण्यासारखा असतो.

भारतातील खाजगी क्षेत्राच्या २०१९ च्या औषधविक्रीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक अ‍ॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी होते आणि त्याखालोखाल सेफिक्सिमची २०० मिलिग्रॅमची गोळी. ज्या सेफिक्सिमने शंभरांतील पंधरा ते वीस जणांचे पोट बिघडू शकते, तेच औषध खपात दुसऱ्या क्रमांकावर आहे. ही जोडी लक्षात घेतली की घराघरांतील या तक्रारीचा उलगडा होतो.

मात्रेबाबतची एक तांत्रिक बाब औषध दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या ६२५ च्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन व १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. ३७५ च्या गोळीत अ‍ॅमॉक्सिसिलिन २५० असते, पण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तेवढेच, म्हणजे १२५. त्यामुळे '६२५ नाही, ३७५ च्या दोन घ्या' असे सांगितल्यास क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट जाते आणि जुलाबाची शक्यता वाढते. दोन छोट्या गोळ्या म्हणजे एक मोठी, हा हिशेब येथे चालत नाही.

इंदूर-उज्जैन परिसरातील चित्र

इंदूर हे माळव्याच्या वैद्यकीय सेवेचे केंद्र आहे. १८७८ साली येथे सुरू झालेली किंग एडवर्ड वैद्यकीय शाळा, पुढे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेले 'एम. वाय.', ही येथील जुनी परंपरा आहे. औषधांच्या घाऊक व्यापाराचा 'दवा बाजार'ही याच शहरात आहे. औषध मिळण्याची येथे अडचण नाही. औषध कोणते, कशासाठी आणि किती दिवस, हा खरा प्रश्न आहे.

इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील उज्जैन येथे या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. तेथील आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय व स्वीडनची कारोलिन्स्का संस्था यांच्याशी संबंधित संशोधकांनी १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तीव्र जुलाबावरील ८४३ चिठ्ठ्यांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे केवळ ओआरएस व झिंक लिहिलेल्या चिठ्ठ्या अवघ्या ६ निघाल्या. प्रतिजैविक मात्र ७१ टक्के मुलांना दिलेले होते. तोंडावाटे दिलेल्या प्रतिजैविकांत ऑफ्लॉक्सासिन व ऑर्निडाझोल यांचे मिश्रण सर्वाधिक आढळले. या मिश्रणाला संशोधकांनी अतार्किक म्हटले आहे, कारण जंतुजन्य आव व अमीबाजन्य आव एकाच वेळी असण्याचा संभव फार थोडा असतो. पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या उज्जैन जिल्ह्यातील दुसऱ्या अभ्यासात ग्रामीण भागातील अनौपचारिक वैद्यक व्यावसायिकांनी दिलेल्या सुमारे १५ हजार औषधयोजनांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांशांत प्रतिजैविक होते.

हे अभ्यास प्रतिजैविकामुळे होणाऱ्या जुलाबावर नव्हते, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यांतून एक गोष्ट कळते. आपल्या परिसरात 'पोट चल रहा है' असे सांगणाऱ्या रुग्णाला प्रतिजैविक मिळण्याची शक्यता फार मोठी आहे. त्याचे पोट मुळात प्रतिजैविकानेच चालत असेल, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते. घशासाठी सेफिक्सिम, सेफिक्सिमने झालेल्या जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, त्याने होणाऱ्या मळमळीसाठी आम्लता कमी करणारी गोळी, अशी साखळी तयार होते. ज्या घशासाठी हे सारे सुरू झाले तो पुष्कळदा विषाणूजन्य असतो आणि त्यावर प्रतिजैविक मुळातच लागू पडत नाही.

या साखळीतील शेवटची कडीही निरुपद्रवी नाही. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी आम्लरोधक औषधे अकारण घेतल्यास डिफिसिल जीवाणूच्या संसर्गाचा धोका वाढतो, असे अनेक निरीक्षणांतून आढळले आहे. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली पातळ अँटासिड औषधे, तसेच कॅल्शियम, लोह व झिंक यांच्या गोळ्या सिप्रोफ्लॉक्सासिन व डॉक्सिसायक्लिन यांना पोटातच बांधून ठेवतात. औषध रक्तात पुरेसे शोषले जात नाही, आजार हटत नाही आणि मग 'याहून भारी' औषधाची मागणी होते.

ओळखावे कसे?

निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु संशय घेण्यासाठी पुढील प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : गेल्या दोन महिन्यांत कोणती गोळी, कॅप्सूल किंवा इंजेक्शन घेतले होते काय? प्रतिजैविकामुळे होणारा जुलाब बहुधा औषध चालू असताना सुरू होतो. परंतु तो औषध थांबल्यानंतर कित्येक आठवड्यांनी, अगदी दोन महिन्यांनीही उद्भवू शकतो. रुग्ण 'सध्या काही चालू नाही' असे प्रामाणिकपणे सांगतो आणि धागा तेथेच तुटतो. म्हणून प्रश्न 'सध्या'चा नसून 'गेल्या दोन महिन्यांचा' असावा.

दुसरा प्रश्न : सोबत जेवलेल्या इतरांनाही त्रास झाला काय? एकाच ताटातले खाऊन घरातील चौघांना काही तासांत उलट्या-जुलाब झाले, तर दोष अन्नपाण्याचा असण्याची शक्यता अधिक. एकट्यालाच औषधाच्या तिसऱ्या दिवशी पातळ शौच सुरू झाले, तर औषधाचा संशय घ्यावा. पावसाळ्यात किंवा वस्तीत दूषित पाण्याची तक्रार असताना मात्र हा निकष अपुरा ठरतो.

तिसरा प्रश्न : धोक्याची लक्षणे आहेत काय? शौचातून रक्त किंवा आव पडणे, ताप, पोटात तीव्र वेदना किंवा फुगवटा, लघवी फार कमी होणे, गुंगी येणे, तसेच लहान मूल, गर्भवती, वृद्ध, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असणे, यांपैकी काहीही असल्यास घरी थांबू नये. डॉक्टरकडे जाताना आधीची चिठ्ठी व रिकामी स्ट्रिप सोबत न्यावी.

काय करावे व काय टाळावे?

सौम्य जुलाबात पाणी व क्षार भरून काढणे हाच मुख्य उपचार होय. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून मान्य केलेल्या सूत्राचे ओआरएसचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकण्याची पद्धत घातक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावे. गोड फळपेये ही ओआरएस नव्हेत. त्यांतील जादा साखर जुलाब वाढवते. लहान मुलांच्या जुलाबात डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे आणि आईचे दूध चालू ठेवावे. भात, मुगाच्या डाळीची खिचडी, ताक, केळे असा हलका आहार चालू ठेवावा. उपाशी राहण्याची गरज नाही.

औषध चालू ठेवायचे की थांबवायचे हे रुग्णाने स्वतः ठरवू नये. सौम्य त्रासात डॉक्टर बहुधा तेच औषध पुढे चालू ठेवतात, जेवणासोबत घ्यायला सांगतात किंवा बदलून देतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जेवणाच्या आरंभी घेतल्यास त्रास कमी होतो. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याने घ्यावे व त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. क्षयरोगाच्या औषधांनी मळमळ झाली तरी ती मनाने कधीही बंद करू नयेत. मात्र कावीळ, सतत उलट्या असे काही दिसल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.

रक्त किंवा ताप असताना लोपेरामाइडसारखी शौच रोखणारी गोळी घेऊ नये, कारण त्यामुळे विष आतड्यातच अडकून राहते. डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने मरत नाहीत. म्हणून अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने साबण व वाहत्या पाण्यानेच हात धुवावेत.

दही आणि 'प्रोबायोटिक' पुड्या यांविषयी नेहमी विचारणा होते. काही ठरावीक जातींचे प्रोबायोटिक पुरेशा मात्रेत दिल्यास मुलांमधील असा जुलाब कमी होतो, असे अभ्यास आहेत. परंतु २०१३ साली ब्रिटनमध्ये वृद्ध रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा आढळला नाही. २०१८ च्या एका इस्रायली प्रयोगात तर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या मूळ जीवाणूंची भरपाई अधिक उशिरा झाली. म्हणून प्रत्येक प्रतिजैविकासोबत महागडी पुडी हवीच, असे म्हणता येत नाही. घरचे ताजे दही आहार म्हणून खावे, औषध म्हणून त्यावर विसंबू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असल्यास दूध-दही व गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. प्रतिकारशक्ती अतिशय कमी झालेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये.

रमजान महिन्यातील औषधयोजना

आपल्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. इंदूरमध्ये ऋतूनुसार रोजा सुमारे १२ ते १५ तासांचा असतो. दर आठ तासांनी घ्यावयाचे औषध या वेळापत्रकात बसत नाही. अशा वेळी रुग्ण दुपारची गोळी गाळतो किंवा इफ्तारला दोन गोळ्या एकदम घेतो. पहिल्याने उपचार अपुरा पडतो, दुसऱ्याने मळमळ व जुलाब वाढतात. सहरीला घाईघाईने डॉक्सिसायक्लिन गिळून फजरनंतर लगेच झोपणे म्हणजे अन्ननलिकेच्या व्रणाला निमंत्रण होय.

यावर मार्ग आहे. चिठ्ठी लिहिली जात असतानाच 'मी रोजे ठेवतो' असे डॉक्टरांना सांगावे. आजाराच्या स्वरूपानुसार दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याचे औषध निवडता येते का, हे ते पाहू शकतात. कॅप्सूलमधील जिलेटिनविषयी शंका असेल तर कॅप्सूल उघडून भुकटी घेण्याऐवजी तेच औषध गोळीच्या स्वरूपात मिळते का, अशी विचारणा करावी. उघडी भुकटी घसा व अन्ननलिकेला झोंबते आणि मात्राही नेमकी राहत नाही.

जुलाब सुरू झाल्यावर दिवसभर पाण्याविना राहणे मात्र धोक्याचे आहे, विशेषतः उन्हाळ्यात. पवित्र कुराणाच्या सूरह अल-बकरामधील १८४ व १८५ या आयतींत आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. ही सवलत घरातील वडीलधाऱ्यांनी व मशिदीच्या इमाम साहेबांनी वेळेवर समजावून सांगितली तर रुग्णाच्या मनावरचा भार उतरतो. शिक्षकांनी याबाबत त्यांचे सहकार्य जरूर घ्यावे.

कायदा व शासकीय उपाययोजना

प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. केंद्र शासनाने २०१३ साली 'एच-१' ही नवी अनुसूची अधिसूचित केली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे या अनुसूचीत आहेत. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीतील इशारा असतो. दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. २०१६ मध्ये 'लाल रेघ' मोहीम सुरू झाली. तिचा संदेश असा की, ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे ते औषध चिठ्ठीविना घेऊ नये. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंना आळा घालण्यासाठी २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला आणि २०१९ मध्ये मध्य प्रदेशाने स्वतःचा आराखडा तयार केला. केरळनंतर असे करणारे हे दुसरे राज्य होते.

दुष्परिणामाची नोंद करण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांना आहे, असा एक गैरसमज आहे. २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे रुग्ण स्वतः किंवा त्याचे नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असून प्रादेशिक भाषांत अर्जही उपलब्ध आहे. अशा नोंदी झाल्या नाहीत तर आपल्या परिसरातील त्रासाचे खरे प्रमाण कागदावर कधीच येणार नाही.

शिक्षकांची भूमिका

हा विषय वर्गात केवळ व्याख्यानाने पोहोचत नाही. पुढील उपक्रम कोणत्याही विशेष खर्चाशिवाय करता येतील.

१) प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप आणाव्यात. कंपनीने दिलेल्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव शोधावे, लाल रेघ पाहावी आणि प्रतिजैविके वेगळी काढावीत. दोन वेगळ्या नावांखाली एकच औषध निघाले की विद्यार्थ्यांना विषयाचे मर्म आपोआप कळते.

२) औषध दुकान मदतनीस अभ्यासक्रमात संवादाचा सराव घ्यावा. एकाने 'दस्त की गोली दे दो' म्हणावे. दुसऱ्याने गोळी देण्याआधी गेल्या दोन महिन्यांतील औषध, ताप व रक्त यांविषयी विचारावे आणि ओआरएस देऊन डॉक्टरकडे पाठवावे.

३) प्रत्येक कुटुंबासाठी एक साधी वही ठेवण्यास सांगावे. त्यात औषधाचे नाव, सुरू केल्याची व संपल्याची तारीख आणि झालेला त्रास एवढ्या चारच गोष्टी असाव्यात. डॉक्टर बदलला तरी वही बदलत नाही.

४) दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा प्रतिजैविक प्रतिरोधाविषयी जागृतीचा जागतिक सप्ताह असतो. त्या काळात मराठी, हिंदी व उर्दू या तिन्ही भाषांत भित्तिपत्रके तयार करून महाविद्यालयाबरोबरच वस्तीतील दवाखान्यांतही लावावीत.

या साऱ्यांत एक पथ्य पाळावे. प्रतिजैविके वाईट आहेत असा संदेश चुकूनही जाऊ नये. न्यूमोनिया, विषमज्वर, क्षयरोग, जखमेतील पू यांत हीच औषधे प्राण वाचवतात. दुष्परिणामाच्या भीतीने गरजेचे औषध टाळणे हे अनावश्यक औषध घेण्याइतकेच हानिकारक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. प्रतिजैविकामुळे पोट बिघडणे ही अपवादात्मक घटना नसून नित्याची बाब आहे. सेफिक्सिम व अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांत तिचे प्रमाण अधिक आहे. बहुसंख्य वेळा ती सौम्य असते आणि पाणी, क्षार व थोडा धीर यांवर बरी होते. खरा धोका आहे तो तिला नवा आजार समजून त्यावर आणखी प्रतिजैविक देण्यात. त्यामुळे उपयुक्त जीवाणूंची हानी वाढते, डिफिसिलसारख्या जंतूला वाव मिळतो, रोगजंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि गरीब कुटुंबाचा पैसा विनाकारण खर्च होतो.

ही साखळी तोडण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. पोट बिघडल्याची तक्रार कानावर येताच, काय खाल्ले हे विचारण्याआधी गेल्या दोन महिन्यांत कोणते औषध घेतले हे विचारण्याची सवय लागली पाहिजे. ही सवय डॉक्टर, औषध विक्रेते व घरची मंडळी या तिघांनाही लागावी लागेल. आपल्या वर्गात आज शिकणारे विद्यार्थी उद्या या तिघांच्या मधोमध उभे असतील, म्हणून तिचा आरंभ वर्गातूनच व्हावा.